यजमान गेले, यजमान आले

प्रिय वन्सं,

त्या दिवशी सकाळी मी गॅलरीत चादरी झटकत होते. पाणी भरून झालं होतं, दूध तापवून झाकलं होतं, केर तेवढा राहिला होता, आणि जिन्याखालच्या खोलीतून तुमचे भाऊ ओरडले, "अगं, उशीर बरा की विलंब?" मी म्हटलं, "कोणाला झालाय?" तर म्हणाले, "कोणालाच नाही. शब्द विचारतोय." मग मी म्हटलं, घरात आपण जे म्हणतो तेच म्हणा, आणि चादर दोरीवर टाकली. थोड्या वेळाने पुन्हा आवाज. "अगं, पाहुणा चालेल का?" मी म्हटलं, कोण येतंय ते कळलं तर सांगते. त्यावर नुसतं हसू ऐकू आलं. मला वाटलं शब्दकोडं सोडवतायत. मी केर काढायला घेतला आणि ती गोष्ट केराबरोबरच गेली. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातली ही सकाळ. मला ती आत्ता आत्ता आठवली, आणि का आठवली तेच सांगायला हे पत्र आहे.

पण बघा, नमस्कार राहिला. कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून करते आहे, उरलेला मनाने पोचला असं समजा. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलंय आणि तुम्ही गच्चीवर कपडे वाळत घालता, हे मला तुमच्या सूनबाईंनी सांगितलं आहे (त्यांना बोलू नका, मीच खोदून खोदून विचारलं). माझी तब्येत बरी आहे. झोप लागते. दात एक गेला, पण तो मागचा होता, हसताना दिसत नाही. फोन न करता पत्र का, असं विचाराल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. आणि गेल्या आठवड्यात मी तुमच्याशी बोलता बोलता फोन मध्येच ठेवला, त्याचा तुम्हाला राग आला असणार. राग बरोबर आहे. पण का ठेवला ते पुढे येईलच. काही मागण्यासाठी हे लिहीत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

तुम्हाला ठाऊकच आहे, ह्यांच्या मागे जिन्याखालची खोली मी चालूच ठेवली. एक मोठं मशीन, वायरींचं जंगल आणि तीन गल्ल्यांचं इंटरनेट. सगळे धरून चालले होते की मी ते विकून टाकणार. मी ह्यांच्या कपाटातली पुस्तकं वाचायला घेतली. वाचायची सवय मला होतीच, सामान बांधून आलेला कागदसुद्धा मी वाचून मगच टाकते. कळलं ते वापरलं, कळलं नाही ते पुन्हा वाचलं. बाकीचं काम आमचे खांबेश्वर करतात. ह्यांच्याबरोबर पहिल्यापासून वायरी ओढणारे गृहस्थ. दिवसभर कुठल्या ना कुठल्या खांबावर असतात, म्हणून हे नाव, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणत नाही. खांबावर त्यांना कशाची भीती वाटत नाही. स्क्रीनसमोर बसवलं की मात्र घाम फुटतो.

तर आमची निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या मोठ्या इमारतीत राहतात. तिथले अध्यक्ष म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याहून कडक चेहरा. एका सकाळी ते जिन्याखाली वाकून आले (तिथे सगळ्यांना वाकावंच लागतं, त्याचं मला थोडं समाधान आहे) आणि म्हणाले, "वहिनी, तुमची लाइन मंद आहे अशा तक्रारी येतायत. एक मोठी कंपनी दारात उभी आहे. पुढच्या बैठकीत आम्ही ठरवणार." मी म्हटलं, लाइन मंद नाही. ते म्हणाले, तुम्ही म्हणून काय उपयोग, बाहेरून मोजून दाखवा. ते गेले आणि मी तशीच स्टुलावर बसून राहिले. इमारत गेली तर मशीन चालवायचं वीजबिलसुद्धा निघणार नाही. आणि वन्सं, ते मशीन बंद केलं की खोलीतली ती घरघर थांबेल. ह्यांच्यामागे घरात तेवढाच एक आवाज आहे जो मी केलेला नाही.

खांबेश्वर म्हणाले, "अध्यक्षांचं बरोबर आहे. घरात बसून घराचं अंतर कसं मोजणार? लांबच्या एखाद्या यंत्राने आपलं दार वाजवायला पाहिजे, आणि आपण किती वेळात ओ देतो ते मोजायला पाहिजे." लांबचं यंत्र म्हणजे कुठलं? तर साबणाच्या डबीएवढा तो काळा डबा, जो मी तुम्हाला पार्सलने पाठवला. तुम्ही विचारलंत, ह्यात आहे काय? मी म्हटलं, काही नाही, यंत्र आहे, लावून ठेवा. तुम्ही ते ओट्यावरच्या प्लगला लावलंत आणि वर रुमाल घातलात. तिथपर्यंत सगळं छान झालं.

आता ते यंत्र इथे बसून चालवायचं होतं. ह्यांच्या मशीनवर 'पाळत' नावाचा एक प्रोग्रॅम होता, तो उघडला आणि मला आनंदच झाला. सगळा मराठीत! कोणा भल्या माणसाने कष्ट घेतलेत म्हटलं. पहिलाच प्रश्न होता, 'यजमान कोण?' आता वन्सं, मला यजमान कोण असं विचारल्यावर मी काय लिहिणार? दवाखान्यात, बँकेत, आयुष्यभर या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं तेच दिलं. ह्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर शोधून टाइप केलं. मशीन जरा थांबलं आणि पडद्यावर आलं, 'असे यजमान सापडत नाहीत.'

मी खांबेश्वरांकडे बघितलं. ते वायरींकडे बघायला लागले. तीन वर्षं झाली, ही बातमी मला मशीनने द्यायची गरज नव्हती.

मग खांबेश्वर म्हणाले, "वहिनी, नाव नसेल विचारत. आकड्यांचा पत्ता असतो ना मशीनचा, मधे मधे टिंबं असलेला, तो असेल. मशीनलाच यजमान म्हणत असतील." मी म्हटलं, मग मशीनच म्हणायचं की! तणतणत मी आकडे टाकायला घेतले. डोळे भरले होते म्हणा, काही म्हणा, एक टिंब राहिलं. लगेच पडद्यावर आलं, 'चुकलं. टिंब राहिलं. चष्मा लाव.'

माझा चष्मा कपाळावर होता.

खांबेश्वर स्टुलावरून उठले ते थेट दारात जाऊन उभे राहिले. "वहिनी, हे बघतंय आपल्याला," म्हणाले. मी पदर सारखा केला. (हसू नका, तुम्हीही केला असता.) कोणत्या कंपनीच्या मशीनला माहीत असतं की मी चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसते? आणि 'लावा' नाही, 'लाव'. मला अगं-तुगं करणारं माणूस आता उरलंय कोण? आईवडील गेले, हे गेले, आणि तुम्ही तर मला लग्नापासून अहो-जाहो करता. तेव्हा मला ती चादरींची सकाळ आठवली. उशीर बरा की विलंब. पाहुणा चालेल का. वन्सं, शब्दकोडं नव्हतं ते. तो सगळा प्रोग्रॅम ह्यांनी बसून मराठीत केला होता. कोणासाठी, ते तुम्हाला सांगायला नको. मला मात्र एका शब्दाने सांगितलं नाही. माणसाने काय म्हणावं!

असो. पुढे ऐका, धक्के संपलेले नाहीत. टिंब घातलं. पुढचा प्रश्न आला, 'पाहुणा कोण?' आता मी नीट विचार केला, आणि इथेच माझं चुकलं. डबा तुमच्याकडे राहायला गेलाय. म्हणजे तुमचं घर यजमान. बरोबर ना? आणि बघायला उत्सुक कोण, तर आमचं मशीन, म्हणून तो पाहुणा. खांबेश्वरांनाही पटलं. म्हणाले, "रीतीने तसंच होतं." म्हणून मी वर जाऊन यजमानांच्या जागी तुमच्याकडच्या डब्याचा पत्ता घातला आणि पाहुण्याच्या जागी आमचा. मग प्रश्न आला, 'किती उशीर चालेल?' मी 'एक' लिहिलं. एक म्हणजे मला एक मिनिट वाटलं. तो सेकंदाचा हजारावा भाग निघाला. शेवटचा प्रश्न, 'कोणाला कळवू?' धंदा सचोटीने करायचा हे तुमच्या भावाचं म्हणणं, लाइन बिघडली तर गिऱ्हाइकाला आधी कळलं पाहिजे. तेव्हा मी तीन गल्ल्यांचे सगळे नंबर घातले. तुमचा तेवढा घातला नाही, कारण तुम्ही फोनवरचे निरोप उघडतच नाही. देवाने बुद्धी दिली म्हणायची.

बटण दाबलं. पडद्यावर ओळी यायला लागल्या, एकाखाली एक:

अहो — हं.
अहो — हं.
अहो — हं.

आणि प्रत्येक ओळीपुढे उशीर किती झाला तो आकडा. मी स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणायची आणि बाहेरून 'हं' यायचं, आमच्या घरात तुम्ही ते वर्षानुवर्षं ऐकलंय. कधी लगेच यायचं, कधी पेपर वाचत असले की भाजी करपेपर्यंत यायचं नाही. तेवढंच मोजतं हे यंत्र. गेली तीन वर्षं मी घरात अहो म्हटलेलं नाही. दुकानदाराला म्हणते, ते वेगळं. मी खांबेश्वरांना म्हटलं, तुम्ही जरा खांबावर जाऊन या.

दुसऱ्या सकाळी मी बाजारात गेले तर लोक माझ्याकडे बघून बोलणं थांबवायला लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रस्ता ओलांडून येऊन माझा हात धरला आणि विचारलं, झोप लागते का, मनात विचित्र विचार येतात का. मी म्हटलं, लागते, येत नाहीत. त्यांनी फोन दाखवला. माझ्या नंबरावरून आलेला निरोप होता, 'यजमानांना आज फारच उशीर होतोय.' त्याच्या वर तसाच एक. त्याच्या वर तसाच एक. पहाटेपासून सगळ्या गल्ल्यांना, दर थोड्या वेळाने. बाई म्हणाल्या, "वाट बघणं कधीतरी थांबवायला हवं हो." मी घरी आले ती धावतच.

उशिराचा आकडा वाढवला, ते निरोप थांबले. मी सुटकेचा श्वास टाकला आणि दुपारी जरा आडवी झाले. उठले तर दारात माणसं. पुढे अध्यक्ष, मागे त्यांची बायको, छापखान्याचे मालक, आणि नव्याने राहायला आलेलं एक जोडपं हातात पांढरी फुलं घेऊन.  अध्यक्षांनी फोन पुढे केला. 'यजमान गेले.' बस, एवढंच. नव्या जोडप्यातली मुलगी रडायला लागली, तिने तर ह्यांना बघितलंही नव्हतं. छापखानावाले हळूच अध्यक्षांना म्हणाले, "पण ते तर मागेच गेले होते ना? मी स्वतः आलो होतो." अध्यक्ष म्हणाले, "मीही आलो होतो." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी कुठे दुसरं लग्न उरकून आलेय. मी तोंड उघडणार तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. 'यजमान आले.'

 अध्यक्षांच्या बायकोने माझ्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं.

मग मी यादीत माझाही नंबर घातला. त्या दिवसापासून रोज तेच. सकाळी एकदा जायचे, यायचे. संध्याकाळी पुन्हा जायचे, यायचे. खांबेश्वरांनी सगळे खांब तपासले, सगळ्या गाठी सोडून बांधल्या. लोकांना एव्हाना मी खरं सांगितलं होतं, त्यांचा आधी विश्वास बसला नाही, मग बसला, मग त्यांनी थट्टा सुरू केली. दूधवाला विचारायचा, "आज यजमान आहेत ना? मग जास्त दूध घालू का?" मला हसूही येईना आणि रागही. बैठक जवळ येत होती. मोजायला गेलो लाइन किती चांगली ते, आणि गल्लीभर दवंडी पिटली की ती रोज मरते.

आणि मग मी तुम्हाला फोन केला. म्हटलं सहज विचारावं, तुमच्याकडे वीज जाते का? तुम्ही उचललात, आणि मागे मिक्सरचा केवढा आवाज! तुम्ही ओरडून म्हणालात, "ऐकू येत नाही गं बाई, वाटण चाललंय!" त्याच क्षणी माझ्या हातातला फोन थरथरला. कानापासून दूर धरून बघितलं. 'यजमान गेले.' तिकडे मिक्सर थांबला. तुम्ही म्हणालात, "हां, आता बोल. एकच प्लग आहे ना ओट्यावर, तुझा डबा काढावा लागतो दरवेळी. हा बघ, लावला परत." फोन पुन्हा थरथरला. 'यजमान आले.'

तेव्हा मी फोन ठेवला. माफ करा. (आणि हो, गडबडीत तुम्ही मला 'गं बाई' म्हणालात. ते मला आवडलं.) पण सख्ख्या बहिणीने वाटणासाठी दिवसातून दोनदा भावाला मारायचं आणि वर रुमाल घालायचा, हे पचायला मला जरा वेळ लागला.

मग उलगडलं सगळं. ज्याच्यावर पाळत ठेवायची तो यजमान. ज्याने लांबून दार वाजवायचं तो पाहुणा. मी उलटं घातलं होतं, आणि इतके दिवस आम्ही आमची लाइन सोडून तुमच्या ओट्यावरचा प्लग मोजत होतो. मी दोन्ही पत्ते अदलाबदल केले. त्या क्षणापासून तुमच्याकडचा डबा अहो म्हणतो आणि आमचं मशीन इथून हं म्हणतं. आणि काय सांगू, इतकं पटकन हं तुमच्या भावाने जन्मात म्हटलं नसेल.

बैठकीला मी त्या आकड्यांचा आलेख काढून घेऊन गेले. कंपनीचा माणूस आला होता, बूट चकचकीत, बोलणं त्याहून. आलेखातली रेघ सरळ होती. फक्त मधे मधे खड्डे. अध्यक्षांनी खड्ड्यांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, ते वाटण आहे. कंपनीचा माणूस हसला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या बैठकीत फक्त झोपायला येतात, त्यांनी डोळे न उघडता त्याला विचारलं, "काय रे, तुझी लाइन गेली तर तू कळवतोस का?" तो म्हणाला, तुम्ही तक्रार नोंदवायची, मग दोन दिवसांत आमचा माणूस येतो. आजी म्हणाल्या, "ही बाई माणूस गेल्यासारखं कळवते. आणि आल्यावरही कळवते. तुझ्याकडे एवढं आहे का?" सगळी बैठक हसली. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांची इस्त्री जराशी मोडली. ठरलं असं, की पुढच्या बैठकीपर्यंत लाइन आमची. आलेख मात्र अखंड हवा, एक खड्डासुद्धा चालणार नाही. आणि अध्यक्षांची स्वतःची एक अट, "ते 'यजमान गेले' तेवढं बदला. आमच्या हिला दुपारी झोप लागत नाही." मी बदलते म्हटलं.

तर असं झालं सगळं. बाकी इकडे ठीक. सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक द्या, गच्चीवर जाऊ नका.

तुमची,
वहिनी

ता. क. — काही मागणार नाही असं वर लिहिलंय, ते वाचलं नाही असं समजा. डब्याची वायर काढू नका. मी वेगळ्या पार्सलने चार प्लगांची पट्टी पाठवते आहे, तिच्यात मिक्सर लावा, इस्त्री लावा, हवं ते लावा, पण डबा जिथे आहे तिथेच राहू द्या. एवढ्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं. पट्टी येईपर्यंत वाटण शेजारणीकडे करून आणलंत तर फार बरं होईल.

ता. क. दुसरा — रुमालही काढा. यंत्र तापतं.

ता. क. तिसरा — खांबेश्वर म्हणाले, बदलायचंच आहे तर यजमान काढा आणि मशीन घाला, सगळ्यांनाच सोपं जाईल. मी रात्रभर विचार करते म्हटलं, पण केला नाही, झोपले. दुसऱ्या दिवशी चादरी झटकून, केर काढून मी जिन्याखाली गेले. 'गेले' खोडलं आणि तिथे 'बाहेर आहेत' लिहिलं. यजमान तसेच ठेवले. चष्मा लावला होता.